लिहून नेता, पण सांगायला कोण येतं?

“ते लोक दारच उघडत नाहीत हो.”

गोवर असो, पोलिओ असो, लसीकरणाच्या कुठल्याही बातमीखाली ही कमेंट ठरलेली. ‘ते लोक’ म्हणजे कोण हे कुणी लिहीत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही. मी शिक्षिका आहे, मुंबईच्या पूर्व उपनगरात. आमच्या नोकरीत शिकवणं हा जोडधंदा झालाय आणि सर्व्हे हा मुख्य धंदा, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. मतदार याद्या, शाळाबाह्य मुलं, 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत घरोघरी ताप आणि ऑक्सिजन, मधूनच आरोग्यवाल्यांच्या सोबतीने पाच वर्षांखालच्या मुलांची लसीकरणाची यादी. तेव्हा दारं या विषयावर मला थोडं बोलू द्या.

वस्तीत दार उघडायचा प्रश्न फारसा येतच नाही. दिवसा दाराला पडदा असतो. आतून बाई विचारते कोण, आपण सांगतो, ती बाहेर येते. दार खरोखर बंद असतं ते टॉवरमध्ये. खाली वॉचमन त्याच्या वहीत आपलीच सही घेतो, इंटरकॉमवर मॅडम सांगतात, “आमचे पेडिॲट्रिशियन आहेत, सगळं अपटुडेट आहे,” आणि फोन ठेवून देतात. कार्ड बघायला मिळत नाही. तरी त्या मुलाच्या नावापुढे ‘पूर्ण’ लिहिलं जातं. वस्तीतल्या बाईने कार्ड न दाखवता तेच वाक्य म्हटलं तर तिच्या नावापुढे ‘नकार’. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल नाही, आमच्याच जमातीबद्दल बोलतेय.

अविश्वास आहे, तो नाकारण्यात काही अर्थ नाही. पण कशावर आहे ते तरी बघा. मला भेटलेल्यांत लसच नको म्हणणारे थोडे होते. बाकीच्यांना धास्ती असते ती पॅड आणि पेन घेऊन आलेल्या माणसाची.

एक बाई आठवते. मूळची जालन्याकडची, मांडीवर दहा-अकरा महिन्यांचं पोर. बाळंतपण माहेरी झालेलं, कार्ड गावालाच राहिलेलं. ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कार्ड नसलं की अनुभवी सिस्टर मुलाच्या अंगावरून हिशेब लावते. डाव्या दंडावर बारीक डाग आहे? म्हणजे बीसीजी, क्षयाची लस, झाली. मांडीत किती वेळा टोचलं? दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर उजव्या दंडात टोचलं का? तो गोवर-रुबेला. बाईने नीट आठवून सांगितलं. मांडीत तीनदा, तिसऱ्या वेळेला रात्रभर ताप, सासूने मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. नऊ महिन्यांनंतर उजव्या दंडात अजून नाही. झालं, गोवराचा डोस बाकी आहे हे कळलं. लस द्यायला यापलीकडे काही माहिती लागत नाही.

मग रजिस्टरचं पुढचं पान आलं. आधार नंबर. मोबाइल कुणाच्या नावावर. मूळ गाव. इथे किती वर्षं. घर स्वतःचं की भाड्याचं. बाईने पोराला कडेवर घेतलं आणि विचारलं, “मॅडम, हे सुईसाठी लागतं का आणखी कशासाठी?” सिस्टर म्हणाली, वरून आलंय. बाई म्हणाली, मग मालकांना विचारून सांगते. शेजारणीने पडद्याआडून ऐकलं होतं, ती तर सरळच बोलली, “मागच्या बारीला बी लिहून नेलं होतं. सांगायला कोण आलं का?”

त्या दिवशी आमच्या कागदावर त्या घराची नोंद काय झाली असेल ते ओळखा. आणि मग महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये साहेब विचारणार, या भागात एवढे नकार का? जनजागृती वाढवा! रॅली काढा! प्रभातफेरी काढा! (प्रभातफेरी बघून आजवर एका तरी बाईने मुलाला टोचून आणलं असेल तर मला भेटवा.)

आता कुणी म्हणेल, आधार मागितलं तर एवढं काय? आपण सिमकार्डाला देतो, गॅसला देतो. बरोबर, आपण देतो, कारण आपल्याला घर तुटायची भीती नाही. 2019-20 चा हिवाळा आठवा. एनआरसी, एनपीआर, म्हणजे नागरिकत्वाच्या आणि लोकसंख्येच्या नोंदवहीची चर्चा घराघरांत होती. नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या माणसांनाही तेव्हा लोक दारातून परत पाठवत होते. मुस्लिम वस्त्यांत तर होतंच, पण भटक्या जमातींच्या पालांवर, पुलाखाली राहणाऱ्यांतही होतं. त्यांच्याकडे जन्माचा दाखला आजोबांचा सोडा, स्वतःचा नसतो. झोपडपट्टीत पात्र-अपात्र ठरवायला येणारा सर्व्हेवालाही असंच पॅड घेऊन येतो आणि हेच विचारतो: कधीपासून राहता, कागद काय आहे. दोघांच्या गळ्यातलं ओळखपत्र लांबून सारखंच दिसतं. त्यांनी फरक कसा करायचा?

ही भीती व्हॉट्सॲपने जन्माला घातली असं समजू नका. पुण्यात 1897 मध्ये प्लेगच्या वेळी गोऱ्या शिपायांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, आजारी माणूस सापडला की उचलून न्यायचे, सामान जाळायचे. लोकांनी आजार लपवायला सुरुवात केली. रँडवर गोळी झाडली गेली 22 जूनला, हे आपण शाळेत शिकवतो. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला साथरोगांचा कायदा आपण 2020 मध्ये कोविडसाठी काढून वापरला, हे नाही शिकवत. त्यानंतर आणीबाणी. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं, पण मास्तरांना केसेसचं टार्गेट होतं हे आमच्या खात्यातले जुने लोक अजून सांगतात. ‘पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही’ ही अफवा पुढे पसरली तेव्हा सगळे हसले. अफवा खोटीच होती, हानिकारकही होती, पसरवणाऱ्यांना माझ्याकडून अजिबात माफी नाही. पण ती रुजायला जमीन कुणी नांगरून ठेवली होती?

आणि बाहेरचं उदाहरण हवं तर पाकिस्तानातलं. ओसामा बिन लादेनचा माग काढायला सीआयएने 2011 मध्ये अबोटाबादेत कावीळ ब च्या लसीकरणाची मोहीम पुढे केली होती. ते उघड झालं, आणि तिथल्या पोलिओ कार्यकर्त्यांना पुढची कित्येक वर्षं गोळ्या खाव्या लागल्या. 2014 मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की यापुढे गुप्तहेर कामासाठी लसीकरण वापरणार नाही. म्हणजे वापरलं होतं. आता गोवंडीतल्या माणसाला ‘असं कधी होत नसतं’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

2018 चा नोव्हेंबर मला वर्गातून आठवतो. राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते 15 वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना शाळेत लस. उत्तम मोहीम, उत्तम लस. पण पालकांना सांगायला वेळच दिला नाही. दोन दिवस आधी चिठ्ठी, त्यात लस कसली, ताप आला तर काय करायचं, आधी दोन डोस झालेत तरी पुन्हा का, यातलं काही नाही. लसीच्या दिवशी वर्गात निम्मी बाकं रिकामी. ज्या पालकांनी येऊन हुज्जत घातली ते मला बरे वाटले, निदान विचारत तरी होते. तिकडे दिल्लीत हेच प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2019 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देता येणार नाही. आमच्याकडे नंतर मौलवींना, नगरसेवकांना, बालरोगतज्ज्ञांना बोलावून सभा घेतल्या, आणि बरीचशी बाकं भरली. हे आधी करता आलं असतं.

इथवर लोकांचा अविश्वास. आता जरा सरकारचा बघू. होय, सरकारचा स्वतःच्या सर्व्हेवरचा.

आपल्याकडे लसीकरण मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक आरोग्य खात्याची रोजची नोंद: किती मुलांना टोचलं, भागिले अंदाजे किती मुलं असायला हवीत. यातलं ‘अंदाजे’ महत्त्वाचं. शेवटची जनगणना 2011 ची, त्यावरून वाढवत आणलेला अंदाज. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, बांधकामावर आलेलं कुटुंब, खासगी दवाखान्यात टोचलेलं मूल, हे सगळं त्यात कुठेतरी दोनदा येतं किंवा येतच नाही. म्हणून कागदावर शंभर टक्क्यांच्या वर लसीकरण झालेले तालुके-जिल्हेही निघतात. दुसरी पद्धत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, एनएफएचएस. त्यात नमुन्यातल्या घरी जाऊन मुलाचं कार्ड बघतात, नसेल तर आईला विचारतात. पाचव्या फेरीत देशभरातली 6 लाख 36 हजारांवर घरं होती.

महाराष्ट्राचे आकडे घ्या. या सर्वेक्षणात 12 ते 23 महिन्यांच्या मुलांचं पूर्ण लसीकरण 1998-99 मध्ये सुमारे 78 टक्के होतं. 2005-06 मध्ये 59. 2015-16 मध्ये 56. वीस टक्क्यांहून जास्त घसरगुंडी, आपल्या प्रगत पुरोगामी राज्यात, आणि तुम्ही त्यावर विधानसभेत खडाजंगी झालेली ऐकलीत का? मी नाही ऐकली. पाचव्या फेरीत ते 73.5 वर आलं, म्हणजे सावरलं, पण 1998 च्या खालीच. आणि ही फेरी महाराष्ट्रात झाली 2019 मध्ये, कोविडच्या आधी. त्यानंतर टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं बंद पडली, लोक गावी गेले, परत आले, मुलं राहून गेली.

ते 2022 च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर पडलं. गोवंडीच्या रफी नगरमध्ये दोन दिवसांत गोवराची लक्षणं असलेली तीन मुलं गेली. मग भिवंडी, मालेगाव. मग केंद्राचं पथक, घरोघरी ताप-पुरळाचा सर्व्हे, जादा डोस. गंमत नाही, पण नोंदवून ठेवते: एनएफएचएस करणारी संस्था, आयआयपीएस, तिचा पत्ता आहे गोवंडी स्टेशन रोड, देवनार. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातली किती मुलं लसीविना आहेत याचा हिशेब जिथे बसून होतो, तिथून रफी नगर रिक्षाच्या अंतरावर. आकडा गोवंडीतून दिल्लीला गेला, गोवंडीत कुणी आणून दिला नाही.

त्याच संस्थेचे संचालक के. एस. जेम्स यांना जुलै 2023 मध्ये निलंबित केलं गेलं. सरकारने कारण दिलं भरतीतल्या अनियमिततेचं. पाचव्या फेरीतले उघड्यावर शौचाचे, ॲनिमियाचे आकडे सरकारला खुपले होते असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. खरं काय ते मला सांगता येणार नाही. पण सहाव्या फेरीतून ॲनिमियाची तपासणी वगळली गेली, ती दुसऱ्या पद्धतीने वेगळ्या सर्वेक्षणात करू म्हणाले. असेलही शास्त्रीय कारण. फक्त घटनाक्रम असा आहे की शंका घेणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही.

आणि आता माझा लाडका आकडा: 0.11 टक्के.

जुलै 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज आला की 2023 मध्ये भारतात एकही पेंटा न मिळालेली, म्हणजे ‘झीरो डोस’, सुमारे 16 लाख मुलं होती. लगेच सरकारी पत्रक निघालं की चित्र अर्धवट मांडलं जातंय, अशी मुलं देशाच्या एकूण लोकसंख्येच्या फक्त 0.11 टक्के आहेत. एकूण लोकसंख्येच्या! म्हणजे माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंनाही भागाकारात घेतलं. भारतात वर्षाला साधारण सव्वादोन कोटींच्या वर मुलं जन्मतात. 16 लाखांना त्याने भागा. सात टक्के येतात, चौदा मुलांमागे एक. चौथीच्या मुलाने असा भागाकार केला असता तर मी वहीवर लाल रेघ मारली असती.

यात वाईट काय वाटतं सांगू? सरकारकडे सांगण्यासारखं खरं काही होतं. 2024 चा अंदाज आला तेव्हा ती संख्या 9 लाखांपर्यंत खाली आली होती. एका वर्षात. हे उन्हातान्हात फिरणाऱ्या आशा आणि सिस्टरांचं काम आहे, त्यावर छाती फुगवायला माझी हरकत नाही. पण तेव्हाही पत्रकात काय, तर 0.11 वरून 0.06. चांगल्या कामालाही खोट्या चिंध्या गुंडाळून बाजारात आणायची सवय लागली की खरं कापडही लोक हातात घेत नाहीत.

खाली, आमच्या पातळीवर, हेच वेगळ्या रूपात चालतं. आशा ताईला मूल वर्षाच्या आत पूर्ण संरक्षित केलं की 100 रुपये, दुसऱ्या वर्षाचे डोस पूर्ण झाले की 75. राहून गेलेलं मूल शोधून काढलं तर काय मिळतं? बोलणी. इतके दिवस काय करत होतीस, हा प्रश्न. मग राहून गेलेलं मूल यादीत कशाला येईल? आईने “पोलिओ तर दर वेळी पाजतो की” म्हटलं की तेवढ्यावर भागतं. ती बोलतेय रविवारच्या बूथवरच्या थेंबांबद्दल, आणि सर्व्हेत विचारलेत ते नियमित डोस, पण खोदून विचारायला कुणाला सवड आहे? आशा ताईला मी दोष देत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

चुकतं तेव्हा कबूल करायची पद्धतही नाही. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात 31 जानेवारी 2021 ला बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने वाचली. निलंबन झालं, बातमी झाली. त्यानंतर आमच्या भागात दोन-चार बायका बूथवर म्हणाल्या, आधी बाटली दाखवा. माझ्या सोबतच्यांना राग आला. मला वाटलं, दाखवायलाच हवी! बाटलीवर तो छोटा चौकोन असतो, लस उष्णतेने खराब झाली की रंग बदलणारा, तोही दाखवा. विचारणारी आई ही आपली शत्रू नाही, तिला दोन मिनिटं द्या, पुढच्या वेळी तीच चार जणींना घेऊन येते.

पोलिओ गेला तो काही दारावर पी आणि एक्स (थेंब पाजले तर पी, राहिले तर एक्स) खडूने लिहून गेला नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लोक अडून बसले होते. रस्ता नाही, वीज नाही, जुलाबाने पोर मेलं तेव्हा कुणी आलं नाही, आणि हे थेंब तेवढे महिन्यामहिन्याला दारात. मग त्याच मोहल्ल्यातल्या बायका कामावर घेतल्या, इमामांना सोबत घेतलं, जुलाबाचं औषध आणि साबण घेऊन जायला लागले. 13 जानेवारी 2011 ला शेवटचा रुग्ण सापडला, हावड्यात. 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्र मिळालं. एवढं सगळं आपल्याच देशात, आपल्याच लोकांनी करून दाखवलंय, तरी प्रत्येक साथीत आपण पुन्हा प्रभातफेरीवर येतो.

मला कुणी विचारणार नाही, तरी सांगते. लसीच्या सर्व्हेत लसीपुरतंच विचारा. मुलाचं नाव, वय, कुठले डोस झाले, निरोप द्यायला एक फोन. आधार, मूळ गाव, घर कुणाचं, हे त्या पानावर नकोच. कार्ड हरवलेल्या बाईला ओरडू नका, तिथेच नवीन करून द्या. सर्व्हे आणि सुई एकाच दिवशी, किंवा फार तर त्याच आठवड्यात आली पाहिजे. नुसतं लिहून नेणारा माणूस तिसऱ्यांदा आला तर मीही दार लावेन. आणि वस्तीचा आकडा वस्तीला सांगा. अंगणवाडीच्या भिंतीवर लिहा: या गल्ल्यांत इतकी मुलं, इतक्यांचा गोवर राहिलाय, सिस्टर अमुक वारी येणार, टोचल्यावर ताप आला तर या नंबरवर फोन करा. आणि तो फोन उचला.

‘डेटा गोपनीय असतो’ म्हणून कुणी तज्ज्ञ येतील. मुलांची नावं लिहा असं मी म्हणत नाहीये. आकडा लिहा म्हणतेय.

2027 ची जनगणना तोंडावर आहे, जातीचीही नोंद होणार, आणि ड्युटी पुन्हा आम्हालाच. त्या काळात लसीच्या याद्याही चालू राहतील. दोन्ही कामांना तेच मास्तर, तीच गल्ली, तसंच पॅड. त्या जालन्याच्या बाईने मी कशासाठी आलेय हे कसं ओळखायचं, याचा विचार कुठल्या कार्यालयात चालू असेल तर मला आनंदच होईल.

लस घ्यावी की नाही यावर कमेंटमध्ये वाद घालायचा असेल त्यांनी दुसरी भिंत शोधा. मुलांना टोचून आणा, गोवराचे दोन्ही डोस, विषय संपला. मला हवंय ते वेगळं. माझ्या यादीत बऱ्याच आशा ताई, सिस्टर आणि अंगणवाडी सेविका आहेत. तुमच्याकडच्या लसीकरणाच्या रजिस्टरमध्ये आधार आणि मूळ गावाचे रकाने आहेत का, आणि बाईने सांगायला नकार दिला तर तुम्ही पुढे काय लिहिता, तेवढं सांगा. नावानिशी नको असेल तर इनबॉक्समध्ये.